आधी वेळ, मग बाकीचं

रफीकभाई गेले तेव्हा मी विद्यार्थ्यांना घेऊन मोलगीला होतो. तिथे रेंज नव्हती. घाट उतरल्यावर मोबाईल वाजायला लागला… तोवर दफन उरकलं होतं. उशीर करणं ही माझी जुनी खोड. पण त्या दिवशीचा उशीर अजून छातीत रुतून बसलाय.

शहाद्यात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. एका शाळेने मोडीत काढलेला, टीव्हीला जोडायचा जुना घरगुती संगणक त्यांनी उचलून आणला आणि प्रकाशा गावाहून ये-जा करत लोणखेड्याच्या कॉलेजात संगणक शिकवणाऱ्या मला घरी बोलावलं. यंत्र चालू झालं, पण त्याला वेळच माहीत नव्हती. कधीही लावा, तीच चाळीस वर्षांपूर्वीची तारीख. घड्याळजीला हे कसं सोसावं? त्यांनी सेलवर चालणारी घड्याळाची चिप आत बसवली. मग ती चिप, प्रिंटर, फ्लॉपी यांना चालवणारे छोटे ड्रायव्हर प्रोग्राम सुरुवातीला मेमरीत कोणत्या क्रमाने चढवायचे, यात आमचे कित्येक रविवार गेले. मेमरी एवढीशी. मी म्हणे, घड्याळ शेवटी घ्या, मावलं तर मावलं. ते म्हणत, "मास्तर, माणूस उठना का आधी टाइम देखस. मंग बाकीनं." शेवटी घड्याळाला जागा व्हावी म्हणून त्यांनी प्रिंटरच काढून टाकला. भारी हट्टी माणूस.

साऱ्या गावाची घड्याळं सेकंदाला सेकंद लावून देणाऱ्या या माणसाने संगणकातलं हे एकच घड्याळ मुद्दाम दहा मिनिटं पुढे ठेवलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "तुन्ही प्रकाशानी बस दर रविवारे चुकस. हाई तुन्हाकरता शे." मी हसलो होतो. आता वाटतं, माझ्या उशिराची एवढी काळजी दुसऱ्या कोणी केली नाही.

गेल्या आठवड्यात त्यांच्या बायकोचा, भाभींचा, निरोप आला म्हणून गेलो. पडद्यावरचं घड्याळ मागे पडू लागलं होतं. सेल संपत आला होता. तो काढला की रफीकभाईंच्या हाताने लावलेली वेळ थांबणार, हे मला ठाऊक होतं. हात पुढे होईना. भाभी म्हणाल्या, "बदल दो सर. बंद घडी उनसे देखी नहीं जाती थी."

सेल बदलला. पडद्यावर वेळ विचारणारी ओळ आली. मी मनगटाकडे पाहिलं, दहा मिनिटं मिळवली आणि वेळ टाकली. थोड्या वेळाने पडद्यावर माझी निघायची वेळ झाली. भाभींनी चहाचा कप उचलून नेला. मी त्या आकड्यांकडे बघत बसून राहिलो… खऱ्या वेळेला बस निघून गेली तरी.