पाऊण तासात हळदीकुंकू

लिहिण्याचा मला काही अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो आणि माफी मागतो. आमच्या घरात आजवर जे काही लिहिलं गेलं ते गिरणीच्या दारावर खडूने, 'आज डाळ दळणार नाही' एवढंच. वडिलांची पिठाची गिरणी आहे. कॉलेजात गेलेला घरातला पहिला माणूस मी, आणि सिंगापूरला येऊन पहिल्याच वर्षी एका विषयात नापास झालेलाही मीच. तेव्हा पुढे काही चुकलं असेल तर ते माझं समजावं, शिकवणाऱ्यांचं नव्हे.

विषयाचं नाव ऑपरेशन्स मॅनेजमेंट. काम कुठे अडतं, रांग का लागते, माल कुठे साचतो, अशा गोष्टी त्यात शिकवतात. ऐकताना सगळं सोपं वाटतं. परीक्षेत विचारलं होतं, दवाखान्यातली रांग कमी कशी कराल? मी लिहिलं, लोकांनी थोडं लवकर यावं. आमच्या प्राध्यापक बाईंनी समासात एकच ओळ लिहिली होती, 'मग ते लवकर येऊन थांबतील.' मी त्यावर दोन दिवस विचार केला. बाईंचं बरोबर होतं.

पुन्हा नापास झालो तर शिष्यवृत्ती बंद होणार होती, आणि शिष्यवृत्तीशिवाय मी इथे राहू शकत नव्हतो. म्हणजे सरळ गावी. या खेपेला निम्मे गुण एका अहवालावर होते. खरीखुरी चालणारी एखादी प्रक्रिया घ्यायची, घड्याळ लावून मोजायची, सुधारायची आणि पुन्हा मोजायची. वर्गातल्या एकाने मामाच्या ओळखीने कंटेनरचं बंदर मिळवलं. एकीने वडिलांचा कारखाना घेतला. माझ्या ओळखीत इथे फक्त काकू होत्या.

सेंगकांगला ज्यांच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत मी भाड्याने राहतो, त्या काकू. बँकेत नोकरी करतात. संक्रांतीनंतर त्यांच्याकडे दोन दिवस हळदीकुंकू असतं. शनिवारी ऑफिसातल्या आणि ब्लॉकमधल्या बायका, रविवारी मंडळातल्या, रोज साधारण चाळीस. हॉलमध्ये मावतात बारा. बाकीच्या नवव्या मजल्याच्या कॉरिडॉरमध्ये उभ्या राहतात. मागच्या वर्षी शेजारच्या चिनी अंकलना सायकल बाहेर काढता आली नाही. ते तोंड पाडून दारात उभे राहिले आणि शेवटी काकांना, इथल्या बोलीतलं शेपटाचं 'लाह' जोडून, हळूच म्हणाले, "इतकी माणसं बघून मला वाटलं, तुमच्याकडे कोणी गेलं लाह."

मी भीत भीत काकूंना विचारलं, तुमची रांग अभ्यासाला घेऊ का?

"घे की," काकू म्हणाल्या. "पण बायकांच्या मध्ये येऊ नकोस. स्वयंपाकघराच्या दारात बस."

शनिवारी मी तिथे स्टुलावर बसलो, फोनमधलं स्टॉपवॉच लावून. दाराशी हळदीकुंकू, मग हाताला अत्तर, मग काकूंची मुलगी गुलाबपाणी शिंपडणार, मग तिळगूळ, मग उखाणा, मग वाण आणि शेवटी बशीत दहीवडे. हळदीकुंकवाला दहा सेकंद. अत्तराला पाच. तिळगुळाला जरा जास्त, कारण एक "तुम्ही आधी घ्या" म्हणते आणि दुसरी "छे, तुम्ही मोठ्या" म्हणते. याला आमच्या पुस्तकात शब्द नाही. मी 'इतर' असा रकाना केला.

"हा काय लिहितोय गं?" एक बाई काकूंना विचारत होत्या.

"अभ्यास करतोय."

"कशाचा?"

"आपला."

त्यांनी पदर सारखा केला आणि पुढे सरकल्या.

"आई, ही इज टायमिंग यू लाह," मुलीने गुलाबदाणी माझ्या दिशेने झटकत सांगितलं. माझा रकाना भिजला.

खरं अडत होतं ते उखाण्यापाशी. नाव घेतल्याशिवाय वाण नाही, हा काकूंचा नियम. एका वहिनींना चार मिनिटं लागली. पहिली ओळ झाली, दुसरी येईना. मागून कोणीतरी म्हणालं, "नाव विसरलीस का? फोन लावून विचार त्यांना." सगळ्या हसल्या आणि आणखी अर्धं मिनिट गेलं. पुढे वाणाच्या डब्यांपाशी दुसरी गर्दी. डबे तीन रंगांचे होते आणि निळा मिळालेल्या प्रत्येकीला हिरवा हवा होता. ज्या एका जागी सगळ्यांचं काम तुंबतं तिला बॉटलनेक म्हणतात. पुस्तकातला बॉटलनेक मी पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहत होतो, आणि मला इतका आनंद झाला की मी उभा राहिलो. काकूंनी खाली बस अशी खूण केली.

तीन तास दहा मिनिटं लागली.

रात्रीतून मी सगळं बदललं. डबे फक्त हिरवे ठेवले. दहीवडे बशीऐवजी झाकणाच्या डब्यांत भरून दाराशी ठेवले, म्हणजे वाणाबरोबर हातात देऊन मोकळं. जमिनीवर चिकटपट्टीचे बाण लावले, डावीकडून आत, उजवीकडून बाहेर. जे काम रांगेबाहेर उरकता येतं ते रांगेत करायचं नाही, असं पुस्तकात होतं. म्हणून मी चार उखाणे स्वतः रचले, नावाच्या जागी टिंबं ठेवून चिठ्ठ्या केल्या. लिफ्टपाशीच वाटायच्या, म्हणजे बायका पाठ करून वर येतील.

काकूंनी चिठ्ठ्या वाचल्या. "हे तू रचलेस?"

"हो."

"लग्नाआधीच?"

रविवारी पहिल्याच बाई घाईघाईत आल्या आणि ठणठणीत आवाजात चिठ्ठी वाचून गेल्या, "टिंबटिंबरावांचं नाव घेते, सोडा माझी वाट." हसण्यात आठ सेकंद गेले. ते मी लिहून ठेवले. बाकी सगळं नळाच्या पाण्यासारखं चालू राहिलं. कोणी अडलं नाही, कोणी रंग बदलून मागितला नाही, बाणावरून आत आणि बाणावरून बाहेर. पंचेचाळीस मिनिटांत शेवटच्या बाई लिफ्टमध्ये शिरल्या.

अंकल सायकल घेऊन बाहेर आले. रिकामा कॉरिडॉर बघून म्हणाले, "कॅन्सल झालं?"

"नाही अंकल, संपलं."

"सो फास्ट," असं म्हणून ते जरा वेळ तिथेच उभे राहिले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी त्यांना दहीवड्यांचा एक डबा दिला.

आत काकू सोफ्यावर हळदीकुंकवाचं ताट मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"सगळ्या गेल्या?"

"हो काकू. काल तीन तास दहा मिनिटं, आज पंचेचाळीस."

"छान." त्या ताटातलं कुंकू सारखं करत म्हणाल्या, "एकीचं पहिलं बाळंतपण आहे. आई येणार आहे का तिची, विचारायचं होतं. माझ्यादेखत बाणावरून निघून गेली."

मी खाली बसून चिकटपट्ट्या काढायला लागलो. तेवढ्यात खालून हसण्याचा आवाज आला. खूप बायकांचा, एकदम. काकूंनी ताट उचललं, मी त्यांच्या मागोमाग लिफ्टमध्ये.

ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, म्हणजे व्हॉइड डेकवर, चाळीसच्या चाळीस जणी होत्या. दगडी टेबलांभोवती, कट्ट्यावर, काही सायकलींच्या दांडीला टेकून. डबे उघडले होते. चमचे मी दिले नव्हते, वेळ वाचवायला, म्हणून त्या झाकणाने दहीवडे खात होत्या. पाणीही मी विसरलो होतो. त्यासाठी पेयांच्या मशीनसमोर एक रांग लागलेली होती.

"या, या," त्यांनी काकूंना जागा केली. "आम्हाला वाटलं, तुम्हाला कुठे बाहेर जायचंय. इतकी घाई चालली होती."

काकू त्या बाळंतपणवाल्या बाईंशेजारी जाऊन बसल्या. मी सवयीने स्टॉपवॉच पुन्हा चालू केलं. दोन तास पन्नास मिनिटं. वरची पंचेचाळीस धरली तर शनिवारपेक्षा पंचवीस मिनिटं जास्त.

आता अहवालात काय लिहायचं? "पंचेचाळीस लिही आणि मोकळा हो," काकू म्हणाल्या. "खालचं विचारायला कोण येतंय?" खरंच कोणी येणार नव्हतं. पंचेचाळीस मिनिटं खोटीही नव्हती. मी तसा अहवाल लिहिला, आलेख काढले. आलेख फार सुंदर आले. पण दोन दिवस तो मला पाठवता येईना.

वडिलांना फोन केला. इंग्रजी शब्द गाळून सगळं सांगितलं. वडील म्हणाले, "दळणाचा डबा ठेवून बाया घरी जाऊ शकत्यात की. जात्यात का? पायरीवर बसत्यात. दळण लवकर झालं तर मीच म्हणतो, थांबा जरा, पीठ गरम आहे."

"मग तुम्ही मुद्दाम उशीर करता?"

"उशीर कशाला? पीठ खरंच गरम असतं," वडील म्हणाले.

मी अहवालाला दुसरा भाग जोडला. त्यात व्हॉइड डेक लिहिला, झाकणं लिहिली, मशीनसमोरची रांग लिहिली. लिहिलं की मी रांगेला वाया गेलेला वेळ समजलो, पण बायका आल्या होत्या त्या बहुतेक रांगेसाठीच. वाण हे निमित्त. रांग मी संपवली नाही, नऊ मजले खाली ढकलली. ही सुधारणा फसली असं माझं मत आहे, चूक असल्यास क्षमा असावी. डोळे मिटून पाठवून दिलं, आणि लगेच वाटलं की आपण आपल्याच हाताने गावचं तिकीट काढलं.

अहवालाचे गुण वेगळे कळणार नव्हते. ते निकालाबरोबरच येणार होते. मधल्या काळात लेखी परीक्षा झाली, ती बरी गेली, पण बरी गेली असं मला मागच्या वेळीही वाटलं होतं. काकू रोज जेवताना विचारायच्या, "आलं का काही?" पुढे पुढे त्यांनी विचारणं सोडलं आणि नुसती आमटी जास्त वाढायला लागल्या, त्याने माझी भीती वाढली. मी बॅग कपाटावरून काढून पुसून ठेवली.

एका दुपारी लिटिल इंडियात काकूंसाठी जाडे पोहे आणायला गेलो होतो. बिलाच्या रांगेत माझ्यापुढे चौघं असताना फोन वाजला. प्राध्यापक बाईंची मेल होती. आधी शेरा होता, 'सुधारणा फसली आहे. फसल्याचं मोजमाप मात्र नीट केलं आहे. नुसत्या पंचेचाळीस मिनिटांवर माझा विश्वास बसला नसता.' त्याखाली निकाल. बी मायनस. विषय सुटला होता.