तिसऱ्या पदवीचं मरण

मी मेलेला पडलो होतो, आणि आमच्या अध्यक्षांनी माझ्यासमोर हातमोजा परत चढवला.

नीट सांगतो. नाशिकमधल्या एका बंधुमंडळाचा मी सभासद. तिथे तीन पदव्या. पहिलीत डोळ्यांना पट्टी बांधून आत घेतात, दुसरीत शिकवतात, तिसरीत मारतात. खोटं खोटं. सतरंजीवर निजायचं, छातीपर्यंत काळं कापड. मग अध्यक्ष पांढरा हातमोजा काढतात आणि उघड्या हाताने हात धरून मेलेल्याला उठवतात. उठला की तो पुरा बंधू. सगळं रीतीने झालं का, हे बघायला मुंबईहून वरिष्ठ मंडळाचा माणूस येतो.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं मेलो. शेजारी एक दातांचे डॉक्टर. मेलेल्याने डोळे मिटायचे असतात. पण सातपूरच्या आमच्या कारखान्याच्या हौशी नाटकांत मी इतक्यांदा प्रेत झालोय की पापणीच्या फटीतून मला अख्खं नाट्यगृह दिसतं. अध्यक्षांनी हातमोजा काढला. डॉक्टर उठले. टाळ्या. मग अध्यक्ष माझ्याकडे वळले. थांबले. हातमोजा परत चढवला. एकेक बोट ओढून, नीट.

माझे वडील गटारी उपसायचे. हे मीच मंडळातल्या पहिल्या चहाला अभिमानाने सांगितलं होतं. ठेकेदाराने त्यांना हातमोजे कधी दिले नाहीत. त्यांच्या पोराला शिवायला मात्र हातमोजा निघाला.

पांढरा हात पुढे आला. मी मेलेलाच राहिलो.

मेलेला उठल्याशिवाय आमची सभा संपत नाही, आणि सभा संपल्याशिवाय दार उघडत नाही. बाहेर गुलाबजाम वाट बघत होते.

अध्यक्ष वाकले. "उठा हो. काय चाललंय?"

"हातमोजा," मी ओठ न हलवता म्हणालो.

"मंडळात घेतलं, मांडीला मांडी लावून बसवलं. आता हाताचं काय घेऊन बसलात?"

प्रेताची छाती हलू नये. माझी लोहाराच्या भात्यासारखी चालली होती. गुपचूप उठलो असतो तर पुरा बंधू झालो असतो. पुढेमागे त्यांच्या खुर्चीतही बसलो असतो.

मुंबईचे पाहुणे जवळ आले. त्यांना सगळं दिसलं होतं. आता उठा म्हणाले, तक्रार करा, समिती नेमू.

मी डोळे उघडले. शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात विचारलं, "डॉक्टरांना उघडा हात, मला हातमोजा. का?"

डॉक्टर स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले. अध्यक्षांनी हातमोजा ओरबाडून काढला आणि हात पुढे केला. तोंड दुसरीकडे.

मी तो हात धरला नाही. कोपर टेकून माझा मी उठलो. काळं कापड घडी करून त्यांच्या त्या हातावर ठेवलं.

"असं आपलं आपण उठलं तर पदवी मिळत नाही," पाहुणे म्हणाले.

"नको."

मंडळ सोडलेलं नाही. दर सभेला जातो. तिसऱ्या पदवीचं काम सुरू व्हायच्या आधी, दार बंद करण्यापूर्वी, दुसरीवाल्यांना बाहेर काढतात. मी निघतो, पण दारात वळून सगळ्यांना दिसेल असा माझा उघडा हात वर करतो. चिडतात. चिडू देत.

पुन्हा कधी पडता, असं वरिष्ठ मंडळाने विचारलंय. मी कळवलंय, अध्यक्षांनी आधी भर सभेत माझ्या प्रश्नाचं उत्तर द्यावं. का?

तोवर त्या सतरंजीवर मी मरणार नाही.