न वापरलेल्या वस्तूंची पेटी

"उचलून दाखव की, तम्मा."

प्रवासाला निघालेल्या प्रत्येकाला अव्वा पहिलं वाक्य हेच ऐकवायची. गिऱ्हाईक दोर मागो, ताडपत्री मागो, नाहीतर कंदील. विक्रीचं पुढचं पुढं. आधी त्यानं घरून आपलं सगळं सामान आणायचं, पाठीवर बांधायचं आणि सिद्धेश्वराच्या देवळापासून तळ्याच्या काठाकाठानं किल्ल्याच्या खंदकापर्यंत जाऊन परत यायचं. अव्वा पदर खोचून स्वतः बरोबर चालायची. परत आल्यावर देवळाच्या पायरीवर गाठोडं सोडायला लावायची आणि घामाघूम झालेल्या माणसाला विचारायची, "आता सांग, काय काढू?"

आलेल्या गिऱ्हाइकाला वस्तू कमी करून परत पाठवणारी दुकानदारीण तुम्ही कुठं पाहिली आहे? मी सोलापुरात पाहिली. गिरणीच्या भोंग्यावर गावानं उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं, त्या काळातली ही गोष्ट. मंगळवार पेठेत तिचं दुकान होतं आणि मागच्या गल्लीत माझी खोली. मी शाळेत चित्रकला शिकवायचो. अव्वा लिंगायत, माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळं बोलण्यात अर्धं कानडी. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. मामलेदार दुकानात आले तरी त्यांनाही तम्माच. तिचं खरं नाव काय हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. सगळी पेठ तिला 'अगं अव्वा' म्हणायची, आईला म्हणतात तसं.

दुकान खरं अप्पांचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं. दोघांनी मिळून बद्रीकेदारला जायचं ठरवलं होतं. बर्फाचा डोंगर बघायचा, एवढंच अव्वाला हवं होतं. गाठोडी बांधून तयार होती आणि ऐन वेळी अप्पांच्या अंगावरून वारं गेलं. उजवं अंग लुळं पडलं, वाचा जवळजवळ गेली. तेव्हापासून अप्पांची बाज दुकानातच असायची, दारातून रस्ता दिसेल अशी. तोवर अव्वा अक्कलकोटच्या पलीकडं कधी गेली नव्हती.

मी आणि माझा मित्र नरसय्या सायकलवरून कन्याकुमारीला निघालो तेव्हा तिच्या तावडीत सापडलो. नरसय्या साखर पेठेतला विणकर. घरात तेलुगू, बाहेर मराठी आणि दोन्हीकडं सारखाच हट्टी. सामान पाठीवर बांध म्हटल्यावर तो म्हणाला, "अगं अव्वा, सायकलवर ठेवणार की ते. पाठीवर कशाला?"

"आन सायकल मोडल्यावर तिला कोण उचलंल? तुजा सासरा?"

नरसय्याचं तेव्हा लग्नही झालं नव्हतं. तो निमूटपणे खंदकापर्यंत जाऊन आला.

माझ्या पिशवीतून तीन जाडजूड पुस्तकं निघाली. अव्वानं एकेक तळहातावर तोलून पाहिलं. "वाचल्यात का ही?"

"नाही. वाटेत वाचणार."

"मग ठेव हितंच. न वाचल्यालं पुस्तक न्यायचं न्हाय. वाईट निगालं तर टाकवत बी न्हाय, आन वजं तेवडंच. एकदा वाचून आवडल्यालं असंल, ते एकच घे."

मी लहानपणी वाचलेलं एक पातळसं पुस्तक घेतलं. वाटेत ते तीनदा वाचलं आणि त्याच्या कोऱ्या पानांवर चित्रंही काढली. त्या जाड पुस्तकांपैकी एक मी पुढं घरी वाचायला घेतलं. ते मला चाळीस पानांच्या पुढं नेता आलं नाही.

नरसय्यानं या प्रवासासाठी स्वतःच्या मागावर एक चादर विणली होती. लाल-हिरवी, दणदणीत, पाहत राहावी अशी. अव्वानं तिच्यावरून हात फिरवला, तोंड भरून कौतुक केलं आणि कात्री आणून तिचे सरळ दोन तुकडे केले.

"अव्वा! अख्खी चादर हाय बे ती!" नरसय्या ओरडला. तिलाही मित्रासारखं 'बे' म्हणालो, हेही त्याच्या ध्यानात आलं नाही.

"दोघं जण, एक चादर. अर्दी तुला, अर्दी त्याला. पाय उगडे पडले तर जवळ घ्यायचे."

त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं. बाजेवरून अप्पांनी अर्ध्या तोंडानं काहीतरी म्हटलं. अव्वानं ते आम्हाला सांगितलं, "अप्पा म्हंत्यात, दशा टाकू नको." मग नरसय्यानं चादरीच्या सुटलेल्या दशा, म्हणजे कडेचे धागे, गोळा केले आणि रागारागानं त्यांचा एक गोफ वळला. त्याला राग आला की त्याचे हात चालायचे.

भेटवस्तूंचा बंदोबस्त तिनं आधीच केला होता. कुणी लांब निघालं की शेजारीपाजारी तसबिरी, तबकं आणि नारळ घेऊन निरोपाला यायचे. अव्वा आदल्या आठवड्यात घरोघरी जाऊन बजावून यायची, "द्यायचं तर वाटेत संपंल असं द्या." म्हणून आम्हाला शेंगांची चटणी मिळाली, कडक भाकरी मिळाल्या, मेण, सुईदोरा आणि पंक्चरचं सोल्यूशन मिळालं. फक्त आमचे हेडमास्तर तिच्या हाती लागले नव्हते. त्यांनी शाळेतल्या समारंभात भाषण करून मला एक निकलची शिट्टी दिली. "संकटसमयी वाजवा," ते म्हणाले. मी तिला नरसय्याचा गोफ बांधला आणि गळ्यात अडकवली.

आम्ही जाऊन आलो. पण अव्वाचा प्रवास आमच्या परतण्यापासून सुरू व्हायचा. आलेल्यानं आधी अप्पांच्या बाजेशी बसायचं आणि सगळं सांगायचं. पाणी कुठलं गोड, माणसं कुठली कडू, समुद्राला वास कसला. अप्पा डोळे मिटून ऐकायचे. अव्वा ऐकता ऐकता दोराची वेटोळी करायची आणि शेवटी विचारायची, "काय वापरलं न्हाय?"

न वापरलेली वस्तू तिच्याकडं ठेवून जायची, असा तिचा दंडक होता. त्यासाठी एक पत्र्याची पेटी होती. कापडाच्या पेढीवरचा एक मुनीम काश्मीरला जाऊन आला होता, त्याचा काळा चष्मा तिच्यात होता. विलायतेला जाऊन आलेल्या डॉक्टरांची गरम पाण्याची रबरी पिशवी होती. होकायंत्र, घडीचा आरसा, मेणकापडाची टोपी असं बरंच काही. पुढच्या माणसानं तसलीच वस्तू गाठोड्यात घातली, की ती पेटी उघडून दाखवायची आणि म्हणायची, "ही बग, ही बी फिरून आली बिचारी."

मी शिट्टी पुढं केली.

"वाजते का?"

मी जोरात फुंकली. समोरच्या हॉटेलातली माणसं बाहेर आली आणि अप्पा अर्ध्या तोंडानं हसले. अव्वानं शिट्टी पदरानं पुसली. "लई लांब जातो की आवाज," ती म्हणाली. "हितं कुणाला बोलवायचं हिनं?" आणि तिनं ती गोफासकट पेटीत ठेवली.

इतके लोक तिच्या डोळ्यांसमोरून जग बघून आले, पण तिला कुणाचा हेवा वाटलेला मी पाहिला नाही. याचं मला त्या वयातही नवल वाटायचं आणि आज तर अधिकच वाटतं. कुणी हिमालयाकडून आलं की ती एवढंच विचारायची, "बर्फ हातात धरला की भाजतो म्हनं. खरं का?" आणि अप्पांकडं वळून म्हणायची, "एक डाव धरून बगीन मी, आन तुमाला सांगीन." अप्पा तोंड भिंतीकडं फिरवायचे.

ते सांगणं राहूनच गेलं. एका उन्हाळ्यात अप्पा गेले. वर्ष भरायच्या आतच पेठेतली काही माणसं बद्रीकेदारला निघाली, आणि अव्वा म्हणाली, "मी बी येते."

तिचं गाठोडं कसं असेल, याची आम्हा सगळ्यांना उत्सुकता होती. जन्मभर दुसऱ्यांची गाठोडी हलकी करणारी बाई! नरसय्यानं तर तिनं सांगायच्या आत एक नवी चादर आपल्याच हातानं अर्धी कापून आणली होती. पण ठरल्या सकाळी अव्वा देवळापाशी आली ती अक्षरशः वाकून. पाठीवर हे एवढं ओझं. चालताना आतून पत्रा वाजल्यासारखा आवाज येत होता.

मी गाठोडं चाचपून पाहिलं. तिनं अख्खी पेटी आत रिकामी केली होती. चष्मा, रबरी पिशवी, आरसा, माझी शिट्टी, सगळं.

ती खंदकापर्यंत गेली. दोनदा बसली, तीनदा थांबली, पण गेली आणि परत आली. पायरीवर टेकली तेव्हा तिला धाप लागली होती. सगळे माझ्याकडं बघायला लागले. शेवटी मीच विचारलं, "अव्वा, आता सांग, काय काढू?"

"काय न्हाय."

"अगं, तूच तर सगळ्यांना सांगत आलीस!"

"तुमचं परत आणायचं आसतं, तम्मा, म्हणून जड," ती घाम पुसत म्हणाली. "मला परत आणायचं न्हाय."

मला वाटलं, ही परत यायचं नाही असंच ठरवून निघाली आहे. मी बरंच विनवलं. तिनं नरसय्याची अर्धी चादर तेवढी वर बांधून घेतली आणि स्टेशनात मंडळींतल्या, बार्शीकडच्या एका ओळखीच्या बाईशेजारी गाडीत जाऊन बसली. खिडकीतून तिनं हात केला तो आम्ही नीट पाहिलाही नाही, इतकी फलाटावर गर्दी होती.

पावसाळा संपता संपता मंडळी परत आली. अव्वा त्यांच्यात नव्हती. त्यांनी सांगितलं, ती पहिल्या दिवसापासून मागं पडायची. प्रत्येक चट्टीवर, म्हणजे यात्रेकरूंच्या मुक्कामाच्या झोपडीत, तिथल्या माणसांशी बोलत बसायची. भाषा येत नव्हती तरी बसायची. शेवटी ती म्हणाली, "तुमी व्हा फुडं, मी येते," आणि मंडळी पुढं निघून गेली. परतताना ती त्यांना कुठं दिसली नाही.

पेठेनं निकाल देऊन टाकला. ओझ्यानं मारलं म्हातारीला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मला ते ऐकवत नसे, पण खोडताही येत नसे. दुकानाला पुतण्यानं कुलूप लावलं.

दोन-तीन वर्षांनी मी स्वतःच त्या वाटेला लागलो. निघण्याआधी एकटाच खंदकापर्यंत जाऊन आलो आणि पायरीवर बसून निम्मं सामान काढलं. नरसय्यानं चटणी दिली. "दिसली तर सांग," म्हणाला, आणि मागावर जाऊन बसला.

हृषीकेश सोडलं की सगळी पायवाटच. एका चट्टीवर एक म्हातारी गुडघ्यावर गरम पाण्याची रबरी पिशवी धरून बसलेली दिसली. इतक्या आडरानात ही चीज कुठून आली, म्हणून मला गंमत वाटली. आणखी वर टपालाची थैली घेऊन जाणारा हरकारा भेटला, डोळ्यांवर काळा चष्मा लावलेला. तो घाईत होता. मी हसून वाट दिली. तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून माझ्या ध्यानात यायला हवं होतं. चढणीवर माणूस पायांपलीकडं बघत नाही, एवढंच सांगतो.

मग एका दुपारी धुकं उतरलं. असं धुकं आपल्याकडं कुणी पाहिलेलंही नसेल. हातातली काठी दिसेना. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नदीचा नुसता आवाज. मी जिथं होतो तिथं खाली बसलो. जिवाची भीती काय असते ते मला त्या वेळी कळलं. आणि वरून कुठून तरी शिट्टी ऐकू आली.

थोडं थांबून पुन्हा वाजली. मी डोंगराला हात लावत लावत आवाजाच्या रोखानं चढत गेलो. वाट एकदम सपाट झाली आणि समोर चट्टी आली. दारात एक मध्यम वयाचा पहाडी माणूस उभा होता. धुकं पडलं की तो अशी शिट्टी वाजवत राहतो, म्हणाला. पूर्वी ओरडायचा, पण ओरडणं नदीच्या आवाजात विरून जायचं.

त्याच्या गळ्यात लाल-हिरव्या सुताचा गोफ होता. मळला होता, पण मी त्या दशा ओळखल्या. मी उंबऱ्यावरच बसलो.

"कहाँ से मिली?"

"एक माई दे गई. दक्खन की थी," तो म्हणाला. "नीचे से बाँटती आई थी. किसी को चश्मा, किसी को आईना. पूछती थी, तुम्हारे यहाँ किस चीज़ की तकलीफ़ है? इशारे से पूछती थी."

सोलापुरात ज्या वस्तू कुणाच्या कामी आल्या नाहीत, त्यांच्यासाठी ती डोंगर चढत माणसं शोधत आली होती. 'मला परत आणायचं न्हाय', याचा अर्थ मला तिथं त्या उंबऱ्यावर समजला. मी रडलो. लाज वाटली नाही.

"जाते समय उसके पास क्या था?" मी विचारलं.

"कुछ नहीं. झोली खाली. एक चादर थी, कटी हुई, आधी." तो हसला. "यहीं से पहली बार बरफ दिखती है. इस पत्थर पर बैठी रही. मैं ऊपर से मुट्ठी भर ले आया, तो हाथ में पकड़कर ज़ोर से कुछ बोली अपनी बोली में, जैसे किसी को बता रही हो. फिर ऊपर चली गई."

त्या वाटेनं ती खाली उतरलेली त्यानं पाहिली नव्हती.

सकाळी निघताना मी त्याला सांगितलं की शिट्टी माझी होती. त्यानं लगेच गळ्यातून काढली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली. मी ती घेतली, गोफाची एक सुटलेली गाठ नीट मारली आणि पुन्हा त्याच्या गळ्यात घातली.

थोडा चढून गेलो तोच मागं धुकं भरून आलं. चट्टी दिसेनाशी झाली. मग शिट्टी वाजली, लांब, एकसारखी. आणि खूप खालून, वाट चुकलेल्या कुणीतरी तिला ओ दिली.