वारज्याची चिमणी

पौषातली थंडी होती. कालव्यावरून उठलेलं धुकं हायवेच्या पुलाखाली साचलं होतं आणि वरून जाणाऱ्या ट्रकांचे नुसते आवाज येत होते. वारज्यात टॉवरांच्या मधोमध पत्र्याचा एकच गोठा उरलाय, तो संपतरावांचा. आत एकच म्हैस. मैनाबाई धारेला बसल्या होत्या आणि संपतराव म्हशीच्या तोंडाशी डाव्या हातात कासरा धरून उभे होते. म्हैस मारकी नाही, पण पुढं कुणी उभं नसलं की पाय झाडते. श्रावणापर्यंत धार तेच काढायचे. श्रावणात अंगावरून वारं गेलं. तेव्हापासून उजवा हात पोटाशी मुडपलेला, आणि तोंडातून 'हं' आणि 'आं' यापलीकडं काही येत नाही.

"अवो, ध्यान कुठं हाय?" मैनाबाई म्हणाल्या. "कासरा ढिला सोडलाय तुमी."

ध्यान गोठ्याला लागून असलेल्या खोलीत होतं. तिथं वायरलेसचा सेट तापत ठेवला होता. व्हॉल्व्हचं यंत्र बटण दाबलं की लगेच बोलत नाही. आधी काचेतल्या तारा तांबड्या व्हाव्या लागतात, धूळ तापल्याचा वास सुटावा लागतो. मग ते जागं होतं.

संपतराव पलटणीत सिग्नलला होते. सुटून आले तेव्हा वारजं गावच होतं. पुढं जमिनी गेल्या, भावकीनं गाड्या घेतल्या, बंगले बांधले. संपतरावांनी बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात जाऊन लष्कराच्या मोडीतलं लोखंड आणलं. भावकी हसली. मैनाबाई हसल्या नाहीत, कारण ते त्यांच्याच माजघरात ठेवलेलं होतं.

त्याच बाजारात श्रीधरपंत भेटले. राहणार नारायण पेठ, कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळायचे. एका जुन्या रिसीव्हरचं एक टोक संपतरावांच्या हातात आणि दुसरं पंतांच्या.

"आपण सोडताय, की मी संध्याकाळपर्यंत असाच उभा राहू?" पंत म्हणाले.

"ऱ्हावा की. मला बी काय काम न्हाई," संपतराव म्हणाले.

रिसीव्हर पंतांनी नेला, त्याच्या शेजारचा ट्रान्सफॉर्मर संपतरावांनी. दोघांनी हौशी वायरलेसच्या परवान्याची परीक्षा एकाच दिवशी दिली. त्यानंतर रोज सकाळी दोघं हवेत भेटत. आणखी चार-पाच म्हातारे असायचे, कुणी सांगलीचा, कुणी नाशकाचा. डायलवरच्या ठरल्या आकड्यावर सगळे जमायचे, हजेरी द्यायची, हवापाणी सांगायचं. बोलून नव्हे, मोर्समध्ये. खटका दाबायचा, सोडायचा. आखूड डिड, लांब डा. घरी येणं-जाणं जवळपास नव्हतंच. फोनचं तर पंतांना वावडं. "फोन कुणीही करतो," असं म्हणायचे.

संपतरावांचा सेट घरीच जुळवलेला. ट्रान्सफॉर्मर अशक्त, त्यामुळं खटका दाबला की सूर किंचित वर सरकायचा, चिमणी चिवचिवावी तसा. बाकीच्यांनी नाव पाडलं, वारज्याची चिमणी. आणि त्यांचा हात तर बहिऱ्यानंही ओळखावा. मोर्स पाठवणाऱ्या प्रत्येकाचा हात निराळा असतो, माणसाच्या चालीसारखा. संपतरावांचा 'डा' जरा लांब, ओढलेला, कासरा ओढून बैल थांबवावा तसा.

खोलीचा एक नियम होता. सेट चालू असताना डावा हात खिशात. आत सहाशे व्होल्ट फिरतात. दोन्ही हात गुंतले आणि चुकून काही लागलं, तर वीज एका हातातून शिरून काळजावरून दुसऱ्या हातात जाते. पलटणीत हे त्यांना शिव्या देऊन शिकवलं होतं. जन्मभर डावा हात खिशात राहिला. त्याला काही म्हणता काही शिकायला मिळालं नाही.

दुसरा नियम, खटक्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. एकदा पंत आले होते, त्यांनाही लावू दिला नव्हता.

दिवाळी झाली आणि संपतराव डाव्या हातानं शिकायला बसले. आधी चमच्यानं ताटावर. मैनाबाईंचं डोकं उठलं.

"ताट पिचंल. मग जेवा तळहातावर."

मग म्हशीच्या पाठीवर बोटानं. म्हैस काही बोलली नाही. हात जड, बेताल. डिड म्हणावं तर डा निघे. पोरानं, ऋषीनं सांगून पाहिलं, "अण्णा, मी पंतकाकांचा नंबर शोधतो. एक कॉल करून सिच्युएशन सांगतो. सिंपल आहे."

संपतरावांनी डाव्या हातानं टेबल आपटलं. चहा सांडला.

"ऱ्हाऊ दे," मैनाबाई पोराला म्हणाल्या. "त्यास्नी सांगून वळखलेलं नको हाय."

त्यांना तेवढं एकच हवं होतं. बोलता येत नव्हतं, चालता धड येत नव्हतं, भावकी दारावरून मान खाली घालून जात होती. पंतांनी ऐकून म्हणावं, हा संपत.

मार्गशीर्षात एका सकाळी त्यांनी सेट लावला. हजेरी चालू होती. पंतांचा हात स्वच्छ, कोरडा, छापल्यासारखा. संपतरावांनी आपली खूण, म्हणजे परवान्यावर मिळालेली अक्षरं, पाठवली. मधलं अक्षर फसलं. परत पाठवली. हवेत सगळे गप्प झाले. मग पंतांनी विचारलं, कोण आहे?

मी संपत.

पंतांचं उत्तर आलं: ही खूण ज्यांची आहे त्यांचा हात मला ठाऊक आहे. दुसऱ्याच्या नावानं बोलायला लाज वाटू द्या.

हौशी लोकांचा कायदा असा की खोट्या खुणेला उत्तर द्यायचं नाही. पुढं कुणीच दिलं नाही. संपतराव रोज पाठवत राहिले. लकवा, असं पाठवलं. हात बदलला, असं पाठवलं. चोरानंही तेच पाठवलं असतं. मेहनतीनं हात जितका सरळ होई तितका तो अधिकच परका होई, कारण तो लांब ओढलेला 'डा' काही येईना.

आणि पंत तिकडं हिशेब मांडत होते. सूर चिमणीचाच आहे, म्हणजे सेट संपतरावांचाच. हात संपतरावांचा नाही. संपतराव जिवंत असते तर खटक्याला दुसऱ्याचा हात लागू दिला असता का? मला नाही लावू दिला. म्हणजे संपतराव नाहीत.

पेठेतल्या माणसाला एकदा हिशेब जुळला की पडताळा बघायची गरज वाटत नाही.

त्या धुक्याच्या सकाळी धार संपली, संपतराव पाय ओढत खोलीत आले, कानाला हेडफोन लावले. हजेरी झाली. मग पंतांनी सावकाश पाठवलं: आपले वारज्याचे मित्र गेले. खटका शांत झाला. एक मिनिट कुणी हवेत यायचं नाही.

कुणी गेलं की हौशी लोक असंच करतात. संपतरावांनीही कितीकांसाठी केलं होतं. त्यांचा डावा हात खटक्यावर होता. एक डिड पाठवला असता तरी पुरे होता. पण मौनात खटका वाजवायचा नाही, हे त्यांना पलटणीपासून ठाऊक. त्यांनी हात उचलून खिशात घातला आणि स्वतःच्या नावाची खरखर शेवटपर्यंत ऐकली.

मैनाबाई दुधाची किटली घेऊन दारात आल्या. "काय झालं? तोंड असं का केलंया?"

"आं," संपतराव म्हणाले.

दुपारी ऊन पडल्यावर दारात रिक्षा थांबली. श्रीधरपंत उतरले. पांढरा सदरा, काठी, तोंडावर सांत्वनाला आल्याचा भाव. गोठ्यात संपतराव डाव्या हातानं म्हशीपुढं कडबा टाकत होते.

पंत तिथंच थबकले. काठी चिखलात रुतली.

"वहिनी..." एवढंच म्हणाले.

मैनाबाईंच्या सगळं ध्यानात आलं. "दुखवट्याला आला व्हय भाऊजी? या, बसा. मेलेलं माणूस आताच च्या पिऊन उठलंया. तुमाला टाकू का घोटभर?"

"साखर कमी," पंत म्हणाले.

संपतरावांनी कडबा खाली टाकला. पंतांची बाही धरली आणि ओढतच खोलीत नेलं. सेट लावला. तापेपर्यंत दोघं काचेतला तांबडेपणा चढताना बघत राहिले. मग संपतरावांनी खटक्यावर हात ठेवला आणि पंतांची खूण पाठवली. मग स्वतःची. दर सकाळी पाठवायचे तसं सगळं, हवापाणी, थंडी, धुकं. कपाळावर घाम आला. पाठवून झाल्यावर ते पंतांकडं वळले आणि बघत राहिले.

पंतांनी डोळे मिटले होते. ते उघडायला त्यांना वेळ लागला.

"नाही हो," ते म्हणाले. "खोटं कशाला सांगू? समोर बसलायत म्हणून हे तुम्ही. डोळे मिटले की कुणी परका आहे." मग म्हणाले, "मी मौन पाळलं ते चुकीच्या माणसासाठी नव्हतं. तो हात गेलाच, संपतराव."

मैनाबाई कपबशी घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. "भाऊजी, हो म्हनला असता तर काय बिघडलं असतं?"

"त्यांना कळलं असतं," पंत म्हणाले.

संपतरावांनी हळूच मान हलवली. त्यांना कळलं असतं.

चहा घेऊन पंत निघाले. रिक्षात बसताना म्हणाले, "उद्या सगळ्यांना सांगतो. आणि उद्यापासून तुम्हाला सावकाश पाठवत जाईन. शिकाऊ माणसाला पाठवतात तसं. राग मानायचा तर माना. हा हात ओळखीचा व्हायला हवा. माझंही वय झालंय, किती जमेल सांगता येत नाही."

दुसऱ्या दिवशी धुकं तसंच होतं. सेट तापला, पंत हवेत आले. आधी सगळ्यांना सांगितलं: वारज्याचे मित्र आहेत, हात नवा आहे. कुणी आनंदाचं काही पाठवलं नाही. काय पाठवावं हे बहुधा कुणाला सुचलं नसावं. मग पंतांनी संपतरावांना हाक दिली. इतकी सावकाश, की दोन अक्षरांच्या मधे माणसानं तंबाखू मळून घ्यावी. संपतरावांनी आयुष्यात असं कुणाकडून ऐकून घेतलं नव्हतं. पहिल्याच अक्षराला त्यांचे कान तापले.

ते खटक्याकडं बघत बसले. पंतांनी परत हाक दिली, तितकीच सावकाश. मग संपतरावांनी डावा हात पुढं केला आणि आपली खूण पाठवली. मधलं अक्षर फसलं. ते दुरुस्त न करता त्यांनी तसंच पुढं रेटलं.

पलीकडून एकच शब्द आला: पुन्हा.

"अवो!" गोठ्यातून मैनाबाई ओरडल्या. "ती पाय झाडाया लागलीया. बादली लवंडंल!"

संपतरावांनी हेडफोन काढून ठेवले. आधी सहाशे व्होल्टचं बटण बंद केलं, थोडं थांबले, मग व्हॉल्व्हचं. काचेतला तांबडेपणा विझेपर्यंतही न थांबता ते भिंत धरून गोठ्यात गेले, खुंटीवरचा कासरा काढला, डाव्या मनगटाला एक वेढा दिला आणि म्हशीच्या तोंडाशी उभे राहिले.