शेजारच्या टेबलाची नजर

शाळेतल्या मोठ्या बाईंच्या नजरेत ती पहिल्यांदा भरली, ती मुलाला पहिलीत घालायला आली तेव्हा. बाई गणवेश, डबा, वेळा असं सगळं समजावून सांगत होत्या आणि ही खिडकीतून वर बघत बसलेली. शेवटी बाईंनी विचारलं, "लक्ष कुठंय तुमचं?" तर म्हणाली, "तुमच्या झेंड्याची कड उसवलीय. उतरवून द्या, उद्या शिवून आणते." आणि आणलाही. तेव्हापासून तिचं नाव झेंडेवाल्या मावशी पडलं ते पडलंच.

सरकारी झेंडे शिवणाऱ्या कारखान्यात ती मशीनवर बसायची. कापडाचं टोक जमिनीला लागू नये म्हणून मांडीवरून पायांपर्यंत पांढरी चादर पसरून. तिथला मुकादम तिचा सख्खा थोरला भाऊ. सगळे त्याला दादाच म्हणत. नात्याचा फायदा सोडाच, बोलणी खायला पहिला मान हिचाच. "बहीण घरी," दादा म्हणायचा, "इथं मी फक्त टाका बघतो."

दादाचा एक नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. जिनं झेंडा शिवला, तिनं तो तपासायचा नाही. तो शेजारच्या टेबलावर जायचा. एक नवी मुलगी एकदा फुरंगटून म्हणाली, "माझ्यावर विश्वास नाही का?"

"तुझ्यावर आहे गं. तुझ्या डोळ्यांवर नाही. आपलं शिवण आपल्याला सरळच दिसतं."

मावशीच्या शेजारच्या टेबलावर जाड भिंगांच्या चष्म्याची एक बाई होती. ती झेंडा उजेडात धरून ओरडायची, "मावशी, ही शिवण आहे की डोंगरातला रस्ता?" सगळ्या हसायच्या. मावशीही हसत हसत उसवायला घ्यायची.

मुलगा मोठा झाला, कॉलेजात गेला. देशात ते वर्ष गडबडीचं होतं. चौकातल्या सभेहून परतताना त्याला सैनिकांच्या गाडीत चढवलेलं पुष्कळांनी पाहिलं. उतरलेलं कुणीच पाहिलं नाही. मावशीनं पोलीस ठाणं, छावणी, खालचं कोर्ट, वरचं कोर्ट, सगळ्यांचे उंबरठे झिजवले. शेवटी न्यायाधीश म्हणाले, हा देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, यात आम्हाला शिरता येत नाही. ती पायऱ्या उतरून बाहेर आली. कोर्टावर झेंडा फडकत होता. सवयीनं तिनं वर पाहून कड तपासली. कड ठीक होती.

वर्षं गेली. मग एक दिवस तिची वकीलबाई घरी आली. अनेक देशांनी करार करून दूर परदेशात एक कोर्ट उभं केलं होतं, त्यानं त्या वर्षाचं प्रकरण हातात घेतलं होतं. मावशी तिथं जाऊन साक्ष देतील का?

ही बातमी फुटायला वेळ लागला नाही. सरकारनं जाहीर केलं, आमच्या घरात परक्यांचं काय काम? करारावरची सही आम्ही मागे घेतो. त्या कोर्टाच्या निषेधाचा मोर्चा ठरला. संध्याकाळी दादा येऊन खुर्चीवर बसला, पाण्याचा पेला हातात तसाच.

"बयो, तो माझाही भाचा होता. पण घरातलं भांडण चव्हाट्यावर न्यायचं? आज म्हणतील तुमचा न्याय आम्ही करतो, उद्या म्हणतील कायदेही आम्हीच करतो. आपल्या आज्यापणज्यांनी परक्यांना हाकललं ते यासाठी?"

मावशीनं त्याच्या हातातला पेला घेऊन खाली ठेवला. अडचण हीच होती, की दादाचं म्हणणं तिला पटत होतं. ज्या कापडापायी तिनं आयुष्यभर चादर पसरली, त्याच्याविरुद्ध उभं राहायचं? आणि नाही राहिलं, तर पोटच्या पोराचं काय झालं हे विचारायला जगात दुसरं दार उरलं नव्हतं.

तिनं वकीलबाईंना रोखठोक विचारलं, "ते लोक कोण आम्हाला विचारणारे?"

"ते आधी तुम्हालाच विचारतील, घरच्या कोर्टात गेला होतात का? घरी न्याय मिळत असेल तर ते हात घालत नाहीत. आणि मावशी, त्या करारावर सही आपल्याच सरकारनं केलेली. कुणी हात धरून करून घेतली नव्हती."

"पण आता मागे घेतली ना?"

"घेतली. तरी सही असताना जे घडलं, त्याचा जाब चुकत नाही."

"विचार करून सांगते," मावशी म्हणाली.

मोर्च्यासाठी झेंड्यांची भलीमोठी मागणी आली. वेळ थोडा, हात तेवढेच. दादानं उभ्या आयुष्यात पहिल्यांदा आपला नियम मोडला. "शेजारची तपासणी राहू दे. जिचं तिनं बघायचं आणि बांधायचं." व्यासपीठावरचा मोठा झेंडा मावशीच्या वाट्याला आला. तिनं तो जीव ओतून शिवला, उजेडात धरून उलटसुलट पाहिला आणि घडी घातली.

मोर्च्याच्या दिवशी तो झेंडा वर गेला, उलगडला आणि गर्दी चिडीचूप झाली. झेंडा उलटा होता.

कडेच्या दोरीला एका टोकाला लाकडी खुंटी असते. खुंटीचं टोक वर, हे चढवणाऱ्याला ठाऊक असतं. झेंडा घडीत असतो, रंग कोण बघतो? मावशीनं ती खुंटी खालच्या बाजूला शिवली होती.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात एकच सूर. "मुद्दाम केलं बाईनं." "आतून फितूर आहे." साहेबांनी दोघा भावंडांना बोलावलं. टेबलावर तो झेंडा पसरलेला. मावशी खुंटीवरून बोट फिरवत राहिली. "मी पाहिलं होतं रे दादा. दोन्ही बाजूंनी पाहिलं होतं. मला दिसलंच नाही."

दादा पुढे झाला. "साहेब, शेजारची तपासणी मी बंद केली. दोष माझा लिहा. पण मुद्दाम म्हणाल तर मीही आजपासून घरी बसतो."

दोघं घरी निघाले. वाटेत मावशी म्हणाली, "या झेंड्यावर माझा जीव आहे. तरी माझी चूक मला दिसली नाही. ज्यांनी माझा मुलगा नेला, त्यांना त्यांची कशी दिसणार?"

"शेजारचं टेबल आपल्याच कारखान्यातलं असतं, बयो."

"आपल्या कारखान्यातल्या सगळ्या टेबलांवर जाऊन आले मी. कुणी घडी उलगडूनसुद्धा पाहिली नाही."

दादा थांबला. चपलेतला खडा काढला, खडा होता की नाही कोण जाणे. "मला नाही पटत."

"नको पटू दे. सोडायला येशील?"

"येईन. न येऊन काय करू? तुझी बॅग नेहमी गरजेपेक्षा जड."

मावशी त्या परदेशातल्या कोर्टात गेली. तिथल्या न्यायाधीशांनी खरंच आधी तेच विचारलं, घरी कुठं कुठं गेला होतात? मावशीनं एकेका कोर्टाचं नाव सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "त्यांनी पाहिलं असतं, तर मी इथवर आले नसते."

निकाल अजून लागलेला नाही. सरकार अजूनही ते कोर्ट मानत नाही. परतल्यावर कारखान्यानं मावशीला पुन्हा कामावर घेतलं नाही, आणि गल्लीतली दोन घरं तिच्याशी बोलत नाहीत. दादा निवृत्त झाला. साक्षीचा विषय निघाला की तो अजूनही म्हणतो, "मला नाही पटत."

मावशी आता घरी बसून गणवेश शिवते. शाळेचा झेंडाही तीच शिवते, आणि शाळेत देण्याआधी तपासायला दादाकडे पाठवते.