पिठावरची रेघ

त्या काळात मी नाशिकच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची. कॉलनीतल्या बायका मला ‘दगडांची बाई’ म्हणत, आणि मला ते आवडायचं. आमच्या विभागातल्या काचेच्या कपाटात डायनोसॉरच्या पावलांचा प्लॅस्टरचा एक ठसा होता. तीन बोटांचं मोठं पाऊल, आणि त्याला लागूनच दुसरं, माझ्या तळहाताएवढं. खरी पावलं दूर कुठल्याशा दगडात होती, आमच्याकडे नुसती नक्कल. “मॅडम, आपल्या नाशकात का नाहीत अशी पावलं?” हे दर वर्षी कुणीतरी विचारायचंच. आपल्याखाली लाव्हा थिजून झालेला काळा पाषाण आहे, मी म्हणायची, रटरटत्या पिठल्यात कोण पाय घालील?

दुपारचा तास असला की निम्मा वर्ग पेंगलेला असायचा आणि मी आपली बोलत राहायची. हाडं मेल्यानंतरची असतात, पुरात वाहून कुठल्या कुठे जातात. पाऊल मात्र जनावर जितं असताना, ते जिथे उभं होतं तिथेच उमटतं. दोन पावलांमधलं अंतर मोजलं की ते रमतगमत चाललं होतं की पळत सुटलं होतं, ते कळतं. दोन पायांवर की चार, हेही कळतं. मोठ्या पावलांसोबत लहान पावलं असली तर बरोबर पिल्लं असावीत. या अजस्र प्राण्यांच्या शेपट्या पालीसारख्या जमिनीवर घासटत असतील असं कितीतरी लोकांना वाटायचं, पण पावलांच्या मधोमध शेपटीची रेघ सहसा सापडतच नाही. म्हणजे शेपटी हवेत तोलून धरलेली. सांगता सांगता मीच त्या ओल्या गाळाच्या काठावर जाऊन उभी राहायची. पाऊस नुकता उघडलेला, कोवळं ऊन, आणि समोरून एक आई आणि तिचं पिल्लू सावकाश पाण्याकडे निघालेली. घंटा झाली तरी मी तिथून लवकर परतत नसे.

घरी आल्यावर तीच गोष्ट वडिलांना सांगायची. ते ओझरला कारखान्यात कामाला होते. निवृत्त झाले त्याच वर्षी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. डावा पाय ओढत, काठी टेकत ते अंगणातल्या पेरूपर्यंत जायचे आणि परत यायचे. जीभ जड झाली होती, तरी एकदा त्यांनी विचारलं, “लंगडत असलं जनावर... तरी कळतं?”

“कळतं ना बाबा. एक पाऊल लांब पडतं, एक आखूड.”

ते हसले. मग अंगणाकडे बघत बसले.

अंगणातल्या मातीत त्यांच्या उजव्या पायाचा ठसा पडायचा आणि डाव्या बाजूला नुसती रेघ. सकाळी आई अंगण झाडायला आली की आधी ती रेघ निरखायची. आखूड असली तर आदला दिवस बरा गेला असं धरायची, लांब असली तर वाईट. मग घाईघाईने झाडू फिरवून सडा टाकायची, शेजाऱ्यांच्या नजरेला पडू नये म्हणून. वडिलांपुढे याबद्दल एक अक्षर काढत नसे.

ते थंडीत गेले. चांदवडहून आत्या आली आणि तिनेच सगळं हाती घेतलं. आमच्याकडे माणसाने जिथे शेवटचा श्वास घेतला तिथे दिवा ठेवतात, शेजारी पीठ पसरतात आणि त्यावर वेताची पाटी पालथी घालतात. सकाळी पाटी उचलून बघायचं. पिठावर जे पाऊल उमटलं असेल, त्या जन्माला माणूस गेला. माझा यावर विश्वास नव्हता, पण आईचा होता.

सकाळी आत्याने पाटी उचलली. पिठावर नाजूक, फाकलेल्या बोटांची पावलं या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली होती.

“पाखराचं पाऊल हाय,” आत्या म्हणाली. “लय चांगलं झालं. सुटला माझा भाऊ.”

आईने मात्र पिठाकडे बोट केलं. “ती रेघ बघा ना, वन्सं. पाय अजून ओढतातच आहेत हे.”

पावलांच्या मध्ये खरंच एक बारीक रेघ होती. मला बघताक्षणी कळलं होतं, पाटीखालून पाल गेली आहे. पण वडील गेल्यापासून आईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं आणि आता ती त्या रेघेकडे एकटक बघत होती. पायाचं ते दुखणं त्यांनी पुढच्या जन्मीही सोबत नेलं, असं तिला वाटत होतं.

“शिकलीस ना तू हे?” ती मला म्हणाली. “मग सांग. खरं काय ते सांग.”

मी पिठाशेजारी बसले. ठशासमोर बसायची तशीच.

“आई, रेघ मधोमध आहे. पाय ओढला असता तर एका बाजूला पडली असती, अंगणात पडायची तशी. हे डावीकडचं बघ, हे उजवीकडचं. अंतर सारखंच. कुठला पाय आखूड पडलेला नाही.”

“मग रेघ कशाची?”

“शेपटीची.”

आत्याने कपाळाला हात लावला. “अगं बया, पाल!”

आई वाकली. तिने त्या पावलांवरून, पिठाला न लावता, बोट अगदी सावकाश फिरवत नेलं.

“पण लंगडत नाही ना?”

“नाही आई. अगदी सरळ.”

तेव्हा कुठे ती रडली. मीही रडले.

त्यानंतर आमच्या घरात पालीला कुणी हाकललं नाही. तिन्हीसांजेला ट्यूबलाइटपाशी एखादी आली की आई हातातलं काम थांबवून तिची चाल बघत राहायची. पाहुण्यांपैकी कुणी झाडू उचलला तर म्हणायची, “असू दे हो. नीट चालते आहे ती.”