निशाण न उमटलेली चापट

८ जानेवारी २०२४ रोजी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने वैमानिकांच्या कामाच्या वेळांचे सुधारित नियम जाहीर केले आणि त्यांची आठवड्याची विश्रांती छत्तीस तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर नेली. कागदावर ही गोष्ट विसाव्याची होती. त्याच वर्षी दिवाळीनंतर लोणावळ्यात तिच्यापायी एका माणसाच्या कानातून रक्त आले. ज्याच्या हाताने ते आले त्या इंदुरीच्या गोरख पैलवानाने तोवर विमान फक्त खालून पाहिले होते.

गोरखचे दोन्ही कान मोडलेले आहेत. चौदाव्या वर्षी अंबाजी वस्तादांनी त्याची मान तालमीच्या हौद्यात दाबून धरली आणि मनगटाने डावा कान इतका रगडला की तांबड्या मातीत रक्ताचे ठिपके पडले. कान वांग्यासारखा सुजला. वस्तादांनी सुई टोचून त्यातले साकळलेले रक्त काढले आणि दुसऱ्या दिवशी त्याच कानावर पुन्हा रगडा दिला. आई सरुबाई कळवळली, तर बाप म्हणाला, "आत्ता कुटं पोरगं पैलवान दिसतंय." पुढे उजवा कानही तसाच गेला. कुस्ती खेळणाऱ्याचा कान सपाट राहिला, तर तो मेहनत चुकवतो असे तालमीत समजत. बोट निखळले तर चार दिवस सुट्टी मिळे आणि बरगडीला शेक मिळे. कानाच्या जखमेला मात्र कोणी जखम म्हणतच नसे. हे गोरखच्या अंगात इतके मुरले होते की त्याचा त्याने कधी वेगळा विचारही केला नाही.

पंचविशीत त्याचा गुडघा गेला आणि कुस्ती संपली. शेती दोन भावांत वाटली गेली होती. कामशेतच्या कैलासशेठने त्याला काळा टीशर्ट दिला आणि बाउन्सर म्हणून कामाला लावले. लग्नांत, रिसॉर्टच्या दारात आणि बंगल्यांच्या फाटकावर उभे राहणे, हे या कामाचे उजळ अंग होते. दुसरे अंग ताब्याचे. वादातल्या जमिनीवर पत्र्याची खोली ठोकायची आणि दुसरा हक्कदार आला की त्याला हाकलायचे. अशाच एका प्लॉटवर गोरखने कुंपणाच्या सिमेंटच्या खांबावर एका माणसाचा खांदा आपटून निखळवला. त्या प्रकरणात तो कैलासशेठच्या सांगण्यावरून खोटा जबाब देऊन सुटला. पुढे जे घडले ते वाचताना त्याला सत्याची जन्मजात ओढ होती असा समज होऊ नये, म्हणून हे इथे नोंदवले पाहिजे.

कैलासशेठची शिकवण मोजक्या शब्दांत होती. "हाड मोडायचं न्हाई. तोंडावर वळ नको. फोटोत काय दिसता कामा नये."

ज्या विमान कंपनीशी गोरखचा संबंध आला ती लहान होती. तिचा युक्तिवाद असा की विश्रांती वाढली तर माणसामागे उड्डाणे कमी होणार, मग दरमहा हमीचे तास पूर्वीइतके कसे ठेवायचे? हमीचे तास म्हणजे वैमानिक तेवढा उडाला नाही तरी ज्यांचा पगार त्याला मिळतोच, ते तास. कंपनीने ते घटवणारा नवा करार पुढे केला. वैमानिकांचे म्हणणे असे की विश्रांती प्रवाशांच्या सुरक्षेसाठी आहे आणि तिची किंमत आमच्या पगारातून कापता येणार नाही. दोन्ही बाजूंनी पत्रे गेली, नोटिसा गेल्या. शेवटी बोलणी लोणावळ्याच्या एका रिसॉर्टमध्ये ठरली, कारण तिथे पत्रकार फिरकणार नाहीत असे दोघांनाही वाटले.

वैमानिकांच्या पाच प्रतिनिधींचे पुढारपण कॅप्टन प्रदीप ओव्हाळ यांच्याकडे होते. ते जवळच्याच कान्हे गावचे. वडील रेल्वेत रुळांच्या देखभालीवर होते. स्टेशनच्या मागे वडिलांनी बांधलेल्या घरावर प्रदीप यांनी मजला चढवला आणि पत्नी यशोधरा यांच्यासह ते तिथेच राहिले. कंपनीच्या बाजूने मनुष्यबळ विभागाचे गौरव नावाचे अधिकारी होते. बंदोबस्ताचे कंत्राट कैलासशेठकडे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी कराराची छापील प्रत टेबलावर आली. आदल्या दिवशी मान्य झालेले एक कलम तिच्यात नव्हते. वैमानिकांनी ते दाखवून दिले.

गौरव हसून म्हणाले, "कॅप्टन, सही झाल्याशिवाय आता चहासुद्धा यायचा नाही."

"मग चहा राहू द्या. आम्ही खाली हायवेला पिऊ." प्रदीप उठले. त्यांच्या मागे बाकीचे चौघे उठले.

दारात गोरख उभा होता.

"साहेब, बसा की. बोलणं व्हऊ द्या."

"बाजूला व्हा."

"मीटिंग संपल्याबिगर दार उघडायचं न्हाई, असं सांगितलंय आमाला."

"कुणी सांगितलंय?"

गोरखने कैलासशेठकडे पाहिले. कैलासशेठ गौरव यांच्याकडे पाहत होता. गौरव कुठे पाहत होते, याबद्दल तीन जबाब तीन गोष्टी सांगतात.

प्रदीप यांनी दाराच्या मुठीला हात घातला. त्याच क्षणी मागे टेबल उलथले. ते कुणी उलथले हेही ठरलेले नाही. पाण्याने भरलेले काचेचे जग फुटले. कैलासशेठच्या एका माणसाने एका तरुण वैमानिकाची टाय मुठीत गुंडाळून त्याला भिंतीवर आपटले आणि खाली पडलेला त्याचा चष्मा बुटाने चिरडला. दुसऱ्याचा हात मागे पिरगाळून त्याचे तोंड गालिच्यावर दाबले गेले. कुणाच्या तरी तळहातात काच घुसली आणि पांढऱ्या टेबलक्लॉथवर रक्ताचे पंजे उमटले. प्रदीप यांनी खांद्याने दार रेटले. गोरखच्या छातीला धक्का बसला.

गोरखने विचार केला, आणि तो पूर्ण तालमीतला होता. हाड मोडायचे नाही, वळ उठवायचा नाही. मग त्याला एकच जागा सुचली, जिथे लागलेले त्याच्या लेखी लागतच नव्हते. त्याने उजव्या हाताचा तळवा किंचित खोलगट केला आणि प्रदीप यांच्या डाव्या कानावर पूर्ण ताकदीने हाणला.

फुगा फुटावा तसा आवाज झाला. प्रदीप गुडघ्यांवर बसले, उठले आणि सरळ डावीकडे कोसळले. पुन्हा उठले, पुन्हा डावीकडे गेले आणि खुर्चीसकट पडले. त्यांना उलटी झाली आणि कानातून रक्ताचा बारीक ओघळ आला.

"च्यायला, पिऊन आलाय वाटतं," कैलासशेठचा एक माणूस म्हणाला. खोलीत दोघेतिघे हसले. गोरखही हसला, हे त्याने नंतर स्वतःच सांगितले.

हसण्यावारी निघालेले ते वाक्य आठवड्याभरात कंपनीच्या पत्रात आले. कॅप्टन ओव्हाळ मद्यप्राशन करून बैठकीस आले, त्यांनी सहकाऱ्यांना चिथावले आणि तोल जाऊन ते पडले, असे पत्रात म्हटले होते. वैमानिकाला असा ठपका पुसता येत नाही. तळेगावच्या रुग्णालयात कानाचा पडदा फाटल्याची नोंद झाली होती. मद्याची तपासणी मात्र झाली नव्हती, कारण असा आरोप होईल हे त्या दिवशी कुणाच्या मनातही नव्हते. प्रदीप यांच्या अंगावर चापटीचे निशाण नव्हते. बाकीचे चौघे त्या क्षणी भिंतीला, गालिच्याला नाहीतर दुसऱ्याच्या कोपराला तोंड लावून होते. चापट दाराकडच्या लोकांनीच पाहिली आणि ते सगळे कैलासशेठच्या पगारावर होते. आरोप टिकला असता तर प्रदीप यांचे उडणे कायमचे संपले असते आणि पुढारी दारुडा ठरल्यावर उरलेल्यांची एकजूटही टिकली नसती.

कैलासशेठने गोरखला कामशेतच्या ऑफिसात बोलावले. टेबलावर टाइप केलेला जबाब होता.

"सही मार."

"काय हाय त्यात?"

"पिऊन आला, आपल्या पायानं पडला. तू दारात हुतास, तू पाहिलंस."

"आपल्या पायानं?"

"व्हय. आन् आयक, तो ओव्हाळ हाय, कान्ह्याचा. मारला म्हणून निघालं तर केस वेगळीच लागंल, अ‍ॅट्रॉसिटीची. जामीन मिळायचा न्हाई तुला. मी तुझंच बघतोय."

गोरखने कागद मागे सरकवला. "शेठ, त्यो पडला न्हाई. मी पाडलाय त्याला."

"मंग? बक्षीस पायजे का?"

"सरळ उभा हुता गडी. शुद्धीत हुता. पाय रोवून हुता. एका हातात खाली आणला मी. आन् तुमी म्हणताय दारूनं पडला?"

कैलासशेठ हसायला लागला. "आरं ही काय जत्रंतली कुस्ती हाय का, निकाल द्यायला?"

गोरखच्या लेखी ती कुस्तीच होती. एका जत्रेत त्याच्या समोरचा पैलवान हौद्याच्या ओल्या काठावर घसरून चितपट झाला होता. पंचांनी निकाल दिला. गोरखने तो नाकारून पुन्हा हात मिळवला आणि पुढल्या झटापटीत तो स्वतः हरला. अंबाजी वस्तादांनी त्याला त्या दिवशी पोटभर शिव्या दिल्या आणि वर दूध पाजले. खोटा जबाब त्याने पूर्वी दिला होता आणि पुढेही दिला असता. पण ज्याला त्याने पाडले, तो दारूने पडला असे स्वतःच्या सहीने लिहून देणे त्याच्या घशाखाली उतरेना.

"मी मारलंच न्हाई, असं लिवा. मारतो सही. पिऊन पडला, हे न्हाई."

"तसं चालत न्हाई. कागद वरनं आलाय."

"वरनं म्हंजे?"

याचे उत्तर शब्दांत मिळाले नाही. ऑफिसात चौघे होते आणि त्यांनी शटर ओढले. त्यांतल्या दोघांना गोरखनेच धरपकड शिकवली होती. पहिल्याला त्याने कंबरेतून उचलून कपाटावर फेकले आणि काच त्याच्या पाठीत गेली. दुसऱ्याचे नाक त्याने कपाळाने फोडले. मग लोखंडी पाइप त्याच्या गेलेल्या गुडघ्यावर बसला आणि तो खाली आला. पाठीवर, पोटऱ्यांवर, बरगड्यांवर पाइप पडत राहिला. एकाने त्याचा पंजा दाराच्या फटीत धरून दार लोटले. कैलासशेठ मध्ये एकदाच बोलला. "डोक्याला नको." गोरखने सही केली नाही. तोवर त्याच्या उजव्या हाताची तीन बोटे सही करण्याजोगी राहिलीही नव्हती.

दोन दिवसांनी हाताला प्लास्टर आणि बगलेत काठी घेऊन तो कान्ह्याला गेला. माफी मागायला नव्हे. कानाने माणूस कामातून जातो हे त्याला पटत नव्हते. नाटक असले तर पकडायचे, एवढाच त्याचा हेतू होता.

यशोधराबाईंनी दार उघडले आणि त्याचे कान पाहून त्या जागच्या हलल्या नाहीत.

"तूच ना तो?"

"व्हय. कॅप्टन हायत का?"

"आत येऊन उरलेला कान फोडायचाय?"

"ताई, मला फकस्त बघायचंय. माझं बी दोन्ही कान मोडल्यात. मी कदी पडलो न्हाई."

आतून प्रदीप यांचा आवाज आला. "येऊ दे त्याला."

ते भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसले होते. गोरखने त्यांना उठून चालायला सांगितले. ते उठले, भिंतीवरचा हात सोडला आणि तिसऱ्या पावलाला डावीकडे गेले. यशोधराबाईंनी त्यांना धरले. गोरखने आयुष्यभर पडणारी माणसे पाहिली होती. खोटे पडणारा आधी हात टेकतो. या माणसाने हात टेकला नव्हता.

"तुमचे मोडलेत ते बाहेरचे कान," प्रदीप म्हणाले. "माझा आतला गेलाय. तोल तिथे असतो. मान वळवली की खोली फिरते. अशा माणसाच्या हाती विमान कोण देईल?"

"मला ठावं न्हवतं," गोरख म्हणाला. "आमच्यात कानाची जखम जखमेत धरतच न्हाईत."

"आता काय करणार?"

"सांगतो जाऊन. तुमी पडला न्हाई म्हणून."

"मारताना माझं आडनाव माहीत होतं?"

"न्हाई."

"मग तेही सांगा. होतं तेवढंच सांगा."

"त्याला कशाला सांभाळताय?" यशोधराबाई म्हणाल्या.

"सांभाळत नाही. खोट्यावर आपली केस उभी राहणार नाही. उद्या ते तेच उकरतील."

लोणावळ्याच्या पोलीस ठाण्यात गोरखने जबाब दिला. सही जमत नव्हती, म्हणून डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला गेला. मी मारले, तो शुद्धीत होता, त्याच्या तोंडाला वास नव्हता, आडनाव मला माहीत नव्हते आणि शेठने दार उघडू नको म्हणून सांगितले होते. जबाब एवढाच आहे. त्यात पश्चात्तापाचा एकही शब्द नाही. त्याच रात्री इंदुरीत त्याची मोटारसायकल जाळण्यात आली आणि सरुबाईंच्या दारावर दगड पडले. गोरखला अटक झाली आणि नंतर जामीन मिळाला. कंपनीने मद्याचा आरोप महिनाभरात मागे घेतला. बोलणी पुन्हा सुरू झाली, या वेळी मुंबईत, आणि करार झाला.

त्या कराराचा मजकूर गोपनीय आहे. हमीचे तास किती राहिले हे बाहेरच्या कुणाला ठाऊक नाही. दार बंद ठेवण्याचा हुकूम कैलासशेठचा स्वतःचा होता की त्याला दिलेला, आणि कामशेतच्या टेबलावरचा कागद 'वरनं' म्हणजे कुणाकडून आला, हे कुठल्याही जबाबात नाही. गौरव यांनी नोकरी सोडली आणि ते बोलायला तयार नाहीत. प्रदीप यांचा पडदा शस्त्रक्रियेने सांधला आहे, पण तोल परतेल का, यावर वैद्यकीय मंडळाने अद्याप निर्णय दिलेला नाही. गोरखवरचा खटला उभा राहायचा आहे.